खटला कुठे चालायचा, हे कोण ठरवते?

बेलापुरातून एकाची बैलजोडी चोरीला गेली, असे समजा. चोराने ती घोडेगावच्या बाजारात नेली. बेलापूर श्रीरामपूर तालुक्यात, घोडेगाव नेवासे तालुक्यात. मग खटला श्रीरामपूरच्या कोर्टात चालायचा, की नेवाशाच्या?

मूळ रीत अशी की, गुन्हा जिथे घडला तिथल्या कोर्टात खटला चालतो. कारण उघड आहे. जागा तिथे, पंच तिथे, साक्षीदार तिथे. चोरीला मात्र कायद्याने दोन दारे ठेवली आहेत. माल जिथून चोरला तिथे खटला चालतो, आणि चोरीचा माल चोराच्या ताब्यात जिथे होता तिथेही चालतो. एकाच गुन्ह्याचे काम दोन्ही कोर्टांनी हाती घेतले, तर कोणते चालू ठेवायचे ते उच्च न्यायालय ठरवते.

फिर्यादीची गोष्ट निराळी. दरोडा, खून असा दखलपात्र गुन्हा असेल, तर फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता हा नवा कायदा लागू झाला. त्यात हे स्पष्ट लिहिले आहे. तेव्हा "ही आमची हद्द नाही, दुसरीकडे जा," असे कुणी म्हणाले तर उठून येऊ नका.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. पुष्कळांना वाटते, सरकारी वकील म्हणेल तिथे खटला चालतो. तसे नाही बरे! सरकारी वकील मागणी करतो, हुकूम कोर्ट देते. राज्य सरकारला थोडा अधिकार आहे. एका जिल्ह्यातले सत्र न्यायालयाचे खटले दुसऱ्या विभागात चालवा, असे ते संहितेच्या कलम २०५ प्रमाणे सांगू शकते. पण उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाच्या हुकमाविरुद्ध ते जाऊ शकत नाही. म्हणजे सरकारच्या वरही कोर्ट आहे.

इंग्रजी अमलात काय झाले ते पाहा. नाशिक जिल्ह्यातल्या भगूरचे विनायक दामोदर सावरकर १९१० साली लंडनमध्ये पकडले गेले. खटला हिंदुस्थानात चालवायचा, असे सरकारने ठरवले. आपल्याला तिकडे पाठवू नये, म्हणून सावरकरांनी इंग्लंडच्या कोर्टांत दाद मागितली. कोर्टांनी म्हणणे ऐकले, पण मान्य केले नाही. मुंबईत तीन न्यायाधीशांच्या खास कोर्टापुढे ज्यूरीवाचून खटला चालला. जागा बदलली की खटल्याची तऱ्हाही बदलते, ती अशी.

आणि ही आपल्या शेजारची गोष्ट. नेवासे तालुक्यातल्या सोनई गावी १ जानेवारी २०१३ रोजी तीन दलित तरुणांचा खून झाला. आंतरजातीय प्रेमाचा राग हे त्याचे कारण होते. अशा खटल्यात साक्ष द्यायची म्हणजे काय, हे खेड्यात राहणाऱ्याला सांगायला नको. ज्याच्याविरुद्ध बोलायचे, त्याच्याच भाऊबंदांत उद्या राहायचे! जवळचे कोर्ट सोयीचे खरे, पण तिथे साक्षीदाराच्या तोंडून शब्दच फुटला नाही, तर त्या सोयीचा उपयोग काय? हा खटला वरच्या कोर्टाच्या हुकमाने नगर जिल्ह्याबाहेर, नाशिकला चालला. जानेवारी २०१८ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशीची शिक्षा सांगितली. पुढे ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. साक्षीदारांना नाशिकचे हेलपाटे पडले असतील, पण आमच्या मते ते बरेच झाले.

बडोद्याच्या बेस्ट बेकरी खटल्यात साक्षीदार उलटले आणि २००३ साली सारे आरोपी सुटले. दुसऱ्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो खटला गुजरातेबाहेर, महाराष्ट्रात नव्याने चालवण्याचा हुकूम दिला. मग तो मुंबईत चालला.

हा हक्क एका बाजूचाच नाही. गावाचा राग आपल्यावर आहे, इथे न्याय मिळणार नाही, असे आरोपीला वाटले तर तोही खटला हलवा म्हणून अर्ज करू शकतो. खटला जिल्ह्यातल्या जिल्ह्यात हलवायचा असेल, तर आधी सत्र न्यायाधीशाकडे जावे. जिल्ह्याबाहेर पण राज्यातच न्यायचा असेल, तर उच्च न्यायालयाकडे. परराज्यात न्यायचा असेल, तर सर्वोच्च न्यायालयाकडे.

अर्जाबरोबर प्रतिज्ञापत्र लागते. नुसते "आम्हाला भीती वाटते" एवढ्याने भागत नाही. कोणी धमकावले, कधी, कुठे, कोणाच्या देखत, हे तारखेसह लिहावे. धमकी आली त्याच दिवशी वहीत टिपून ठेवली, तर पुढे आठवत बसावे लागत नाही. ठाण्यात तक्रार दिली असेल तर तिची नक्कल जोडावी. उच्च न्यायालयात अर्ज करणाऱ्या आरोपीने सरकारी वकिलाला आधी लेखी सूचना द्यावी लागते. ती दिल्यावर निदान २४ तास गेल्याशिवाय अर्जाचा निकाल होत नाही. आणि उगाच खटला लांबवण्यासाठी पोकळ अर्ज केला, तर समोरच्या बाजूला भरपाई देण्याचा हुकूम कोर्ट करू शकते.