लोणार : गोडी तीर्थे, खारे सरोवर

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सर्वदूर परिचित आहे ते तेथील खाऱ्या सरोवरामुळे. उल्कापाताने काळ्या बसाल्ट खडकात निर्माण झालेल्या या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. तथापि विवराच्या काठावरील व तळाशी असलेली प्राचीन मंदिरे आणि गोड्या पाण्याची तीर्थे यांचा विचार सरोवरापासून वेगळा करता येत नाही.

गावातील दैत्यसूदन मंदिर हे या मंदिरसमूहाचे शिल्पवैभव होय. तारकाकृती विधानाच्या या विष्णुमंदिराच्या बाह्य भिंतींवर देवदेवतांच्या मूर्ती असून छतावर पुराणप्रसंग कोरलेले आहेत. विष्णूने लवणासुराचा येथे वध केला, अशी स्थलकथा आहे. दैत्याच्या नावातच ‘लवण’ म्हणजे मीठ आहे, हे लक्षणीय होय.

काठावरील धार तीर्थात गोड्या पाण्याचा झरा बारमाही वाहतो व भाविक तेथे स्नान करतात. सरोवराच्या तीरावर कमळजादेवीचे मंदिर आहे. झरे गोडे असता सरोवर खारे का? झऱ्यांचे व पावसाचे पाणी विवरात उतरते. परंतु त्यास बाहेर पडण्याची वाट नाही. पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. काच व साबण यांसाठी लागणारी द्रव्ये येथे मिळत, असा उल्लेख ‘आईन-इ-अकबरी’त आहे.

हे संतुलन नाजूक आहे. जून २०२० मध्ये पाणी घटून क्षारता वाढली आणि लवणप्रिय सूक्ष्मजीवांमुळे सरोवर गुलाबी दिसू लागले. त्याच वर्षी सरोवरास रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. गोड्या पाण्याचा ओघ घटला तर क्षारता वाढते. सांडपाणी व रासायनिक खते वाहून आली तर पाण्याचा मूळ गुणधर्मच पालटतो. पाणी वाढल्यास तीरावरील मंदिरांनाही धोका पोहोचतो.

म्हणूनच मंदिराभोवती कुंपण घातले की जतन झाले, असे मानणे पुरेसे नाही. परिसरातील लोकप्रतिनिधींनी सांडपाण्याची वाट विवराकडे जाणार नाही, याची दक्षता घ्यावी. कुंडात कपडे धुणे व निर्माल्य टाकणे थांबविण्यासाठी भाविकांचे सहकार्य मिळवावे. शिक्षकांनी सहलीत शिल्पांबरोबरच झऱ्याचा व सरोवराचा संबंधही विद्यार्थ्यांना समजावून द्यावा. तीर्थाचे पावित्र्य आणि पाण्याची शुद्धता या येथे दोन भिन्न गोष्टी नाहीत.