मोटारीचा पंखा-पट्टा : परीक्षा व बदल

मोटारीच्या एंजिनाच्या पुढील बाजूस रबराचा एक अखंड पट्टा फिरत असतो. अनेक वर्षे मुकाट्याने काम करणारी ही वस्तू तुटेपर्यंत सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. उत्तरपारा येथील कारखान्यातून २०१४ पर्यंत बाहेर पडत राहिलेल्या अ‍ॅम्बॅसडर गाडीचे उदाहरण घेऊ. तिच्या १४८९ घन सेंटिमीटरच्या जुन्या एंजिनात हा एकच पट्टा भुजादंडाच्या पुलीवरून शक्ती घेतो आणि पाण्याचा पंप, पंखा व डायनॅमो ही तिन्ही चालवितो. तो तुटला की बॅटरी भारित होणे थांबते. पाणी फिरेनासे होऊन ते उकळू लागते. तशाच स्थितीत गाडी हाकली तर एंजिनाचे डोके वाकण्याचा संभव असतो.

पट्ट्याचा छेद पाचरीसारखा असतो. तो पुलीच्या चराच्या तळाला टेकत नाही. दोन्ही कडांनी चराच्या भिंतींना धरतो. या पकडीचे महत्त्व गणिताने स्पष्ट होते. घर्षणांक ०.३ असून पट्टा पुलीला अर्धा वेढा घालतो असे समजू. सपाट पट्टा असल्यास ताणलेल्या बाजूचा ताण सैल बाजूच्या सुमारे अडीचपट होताच तो घसरू लागतो. चराचा कोन ४० अंश असलेल्या पाचरी पट्ट्यात हीच मर्यादा सुमारे पंधरापट होते. कडा झिजून पट्टा चराच्या तळाशी बसला की मात्र हा लाभ नाहीसा होतो.

कडांना आलेली काचेसारखी चकाकी, आतील बाजूच्या भेगा, सुटलेले धागे, तेलाने फुगलेले रबर आणि एंजिन सुरू होताना येणारा किंचाळल्यासारखा आवाज ही झिजेची लक्षणे होत. अशा पट्ट्यावर तेल अथवा मेण लावणे हा उपाय नव्हे.

बदल करण्यापूर्वी एंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. हाताचा ब्रेक ओढावा, किल्ली काढून घ्यावी आणि बॅटरीची सांगाड्याला जोडलेली तार सोडवावी. जुन्या पट्ट्याचा मार्ग कागदावर रेखाटून ठेवावा. नंतर डायनॅमो ज्या बोल्टांवर झुलतो ते, तसेच खाच असलेल्या पट्टीवरील बोल्ट, पान्याने सैल करावेत. पूर्ण काढू नयेत. डायनॅमो एंजिनाकडे लोटताच पट्टा ढिला होतो. तो पुल्यांवरून उतरवून पंख्याच्या एकेका पात्यावरून बाहेर काढावा.

आता पंप व डायनॅमो हाताने फिरवून पाहावेत. खरखर किंवा डुगडुग जाणवल्यास दोष बेअरिंगमध्ये आहे. नवा पट्टा तो दोष झाकणार नाही. चर कोरड्या फडक्याने पुसावेत. नवा पट्टा त्याच लांबीचा व रुंदीचा असावा. तो स्क्रू-ड्रायव्हरने उचकटून चढवू नये, कारण त्यामुळे आतील धागे तुटतात आणि ही इजा वरून दिसत नाही.

पट्टा बसल्यावर डायनॅमो बाहेर ओढून बोल्ट आवळावेत. सर्वांत लांब भागाच्या मध्यावर अंगठ्याने दाबले असता पट्टा सुमारे १३ मिलिमीटर दबला पाहिजे. अधिक सैल पट्टा घसरतो, तर अधिक घट्ट पट्टा पंपाची व डायनॅमोची बेअरिंगे लवकर खराब करतो. बॅटरीची तार जोडून एंजिन काही मिनिटे चालवावे, मग ते बंद करून ताण पुन्हा तपासावा. नवा पट्टा प्रारंभी थोडा ताणला जातो. म्हणून काही दिवसांच्या वापरानंतर ही तपासणी पुन्हा करणे आवश्यक आहे.

अलीकडच्या बहुतेक गाड्यांत पंखा विजेवर चालतो आणि अनेक बारीक चरांचा एकच रुंद पट्टा इतर यंत्रे फिरवितो. त्याचा ताण बहुधा स्प्रिंगची पुली आपोआप राखते. तेथे त्या गाडीच्या पुस्तिकेतील मार्ग व मापे हीच प्रमाण मानावीत. झडपांची वेळ राखणारा, झाकणाखालचा दातेरी पट्टा मात्र निराळा. तो एक दात जरी चुकीचा बसला तरी झडपांची वेळ बिघडते, आणि काही एंजिनांत वेळ फार चुकल्यास दट्ट्या झडपांवर आदळतात. ते काम जाणकाराकडेच सोपवावे.