परसातली कोंबडी : स्वभाव ओळखा, नुकसान टाळा



थंडी वाढली आहे. निफाडचा पारा पुन्हा बातम्यांत येऊ लागला. या दिवसांत कोंबड्या सकाळी उशिरा बाहेर पडतात आणि संध्याकाळी लवकर खुराड्यात शिरतात. जास्त वेळ एकत्र कोंडल्यावर टोचाटोची वाढते, अंडी घटतात आणि एखादी कोंबडी रक्तबंबाळ होते. म्हणून आज स्वभाव आणि हाताळणी याबद्दल. घरात कोंबड्यांचं काम जी व्यक्ती बघते तिला हा संदेश जरूर वाचून दाखवा.

१) कळपात मान ठरलेला असतो
कोण आधी दाणा खाणार, कोण वरच्या दांडीवर बसणार, हे कोंबड्या एकमेकींना टोचून ठरवतात. नॉर्वेच्या शेल्डरुप-एबे या अभ्यासकाने १९२१ च्या सुमारास हे शास्त्रात मांडलं. आपल्या आज्यांना ते आधीच ठाऊक होतं. एकदा क्रम ठरला की भांडणं थांबतात. नवा पक्षी आला की सगळं पहिल्यापासून सुरू होतं.
खालच्या क्रमाची कोंबडी उपाशी राहू नये म्हणून दाणा-पाण्याची भांडी किमान दोन ठेवा, तीही लांब लांब. रात्रीच्या खुराड्यात दर मोठ्या पक्ष्याला १ ते दीड चौरस फूट जागा द्या. एखादीला रक्त आलं तर लगेच डालग्याखाली वेगळी करा. लाल रंग दिसला की बाकीच्या तिथेच टोचत राहतात. जखम भरेपर्यंत परत सोडू नका.

२) बाजारातून आणलेला पक्षी थेट सोडू नका
आठवडे बाजारातून आणलेली कोंबडी तब्येतीने चांगली दिसली तरी किमान २ आठवडे लांब, वेगळी ठेवा. तिचं भांडं वेगळं आणि तिचं काम सगळ्यांत शेवटी. मानमोडी (राणीखेत) घरात शिरते ती बहुतेक वेळा अशाच पाहुण्या पक्ष्याबरोबर. त्यानंतर आठवडाभर जाळीच्या पलीकडे, एकमेकींना दिसेल अशी ठेवा. मग रात्री अंधारात हळूच दांडीवर बसवा. एकटी सोडण्यापेक्षा दोघी-तिघी बरोबर सोडल्या तर मार वाटला जातो.

३) जातीप्रमाणे स्वभाव
गावरान : चपळ, घाबरट, घार-मुंगसाला लवकर ओळखते. खुडूक चांगली बसते, पिलंही सांभाळते.
गिरिराज, वनराजा : अंगाने जड, स्वभावाने शांत. सहसा खुडूक बसत नाहीत. पळायला सुस्त, म्हणून कुत्रं-मांजर यांना लवकर सापडतात. यांची अंडी उबवायची तर गावरान कोंबडीखाली ठेवा.
कडकनाथ (मूळ झाबुआचा) : सावध. उबवायला भरवशाचा नाही.
असील : लढाऊ. दोन असील कोंबडे एका अंगणात ठेवू नका.

४) कोंबडा अंगावर येत असेल तर
तो कोंबड्यांची राखण करतो, त्याला आपण परके वाटतो. लाथ मारली किंवा काठीने डिवचलं तर तो आणखी चिडतो. पाठ फिरवून पळूही नका. शांत उभे राहा, मधे घमेलं किंवा सूप धरा आणि हळू बाजूला व्हा. ८ ते १० कोंबड्यांमागे एकच कोंबडा पुरे. जास्त झाले की कोंबड्यांच्या पाठीची पिसं उडतात. सतत अंगावर येणारा कोंबडा पैदाशीला ठेवू नका.
लहान मुलांना अशा कोंबड्यापुढे अंडी आणायला पाठवू नका. त्याची आर डोळ्यावर लागू शकते. जखम झाली तर साबण-पाण्याने धुवा आणि दवाखान्यात धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा.

५) पकडायची कशी
दिवसा अंगणभर पाठलाग करू नका. कळप बिथरतो आणि धक्क्याने अंडीही कमी होतात. अंधार पडल्यावर कोंबडीला नीट दिसत नाही. तेव्हा मंद उजेडात जा, एक हात छातीखाली घाला, पाय बोटांत धरा, दुसऱ्या हाताने पंख अंगाला लावून उचला आणि आपल्या कुशीशी धरा. छाती आवळू नका. कोंबडीला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छाती हलली तरच तिचा श्वास चालतो. लहान पिलू मुठीत दाबलं तर गुदमरून मरतं.
पाय बांधून, उलटं टांगून बाजाराला नेणं बंद करा. पंख-पाय मोडतात, पक्षी धापा टाकतो, गिऱ्हाईकही भाव पाडतं. प्राण्यांना वेदना होतील अशा रीतीने नेणं हा १९६० च्या कायद्याने गुन्हाही आहे. हवा खेळेल अशी पाटी किंवा क्रेट वापरा.

६) "गरीब झाली" म्हणून सोडून देऊ नका
ही सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. रोज हाताला न लागणारी कोंबडी आज सहज हातात आली, तर ती माणसाळली असं समजू नका. पिसं फुगवून कोपऱ्यात बसणं, डोळे मिटणं, हिरवट पातळ विष्ठा, मान वाकडी होणं, पाय-पंख लुळे पडणं : यातलं काहीही दिसलं तर आधी वेगळी करा, मग पशुवैद्यकाला दाखवा. मानमोडीवर औषध नाही, लसच आहे. पहिली लासोटा लस पिलू ५ ते ७ दिवसांचं असताना डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देतात. पुढच्या मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने. लस बर्फातूनच आणा. आजारी कळपाला लस देऊ नका.
एकाएकी बरेच पक्षी मेले तर खाऊ नका, विकू नका, नाल्यात टाकू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा किंवा १९६२ वर फोन करा. २००६ मध्ये देशात पहिल्यांदा बर्ड फ्लू आढळला तो आपल्याच नाशिक विभागातल्या नवापूरला, हे विसरू नका.

द्राक्षबागायतदारांसाठी : फवारणीच्या दिवशी आणि त्यानंतरही कोंबड्या बागेत जाऊ देऊ नका. ब्लोअरच्या आवाजाने त्या बिथरतात आणि औषध लागलेला पाला-किडे खातात.

या आठवड्यात तीन कामं : दुसरं खाद्याचं भांडं ठेवा, जादा कोंबडे कमी करा, आणि रोज संध्याकाळी खुराडं बंद करताना प्रत्येक कोंबडीवर एकदा नजर टाका. पाच मिनिटांचं काम आहे. रोज पाहणाऱ्यालाच बदल पहिल्या दिवशी कळतो.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी