धुराचा वाटा : सातवीच्या भूगोलासाठी पाठदिग्दर्शन

शिक्षकबंधुभगिनींनी पाठाचा आरंभ घरच्या दिव्यापासून करावा. धंतोलीत दिवे लागतात तेव्हा उत्तरेस कोराडी-खापरखेड्यास कोळसा जळत असतो. उजेड एकीकडे, राख दुसरीकडे. राष्ट्राराष्ट्रांतील वादही असाच आहे. भारतात दरडोई वर्षाला सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड सुटतो, अमेरिकेत सुमारे १४ टन. शिवाय वातावरणात आजवर साचलेला वायू मोठ्या अंशाने आधी उद्योगसंपन्न झालेल्या राष्ट्रांचा. म्हणूनच १९९२ साली रिओ परिषदेत स्वाक्षरीस ठेवलेल्या करारात जबाबदारी सर्वांची, परंतु भार ज्याच्या त्याच्या वाट्याप्रमाणे व कुवतीप्रमाणे, हे तत्त्व नमूद झाले. मात्र एखादा चाणाक्ष विद्यार्थी विचारील, "गुरुजी, आपल्या सरासरीत मोटारवाला आणि बैलगाडीवाला सारखेच कसे?" हा प्रश्न टाळू नये, फळ्यावर लिहून ठेवावा.