मूत्रपिंडें सावरल्यानंतरची तपासणी

घोणस चावून, जुलाब-वांत्यांनीं अंगांतील पाणी जाऊन, उन्हाची झळ लागून, किंवा भाताच्या चिखलांत राबतांना लेप्टोस्पायरोसिसचा ताप जडून धडधाकट माणसाची लघवी एकाएकीं कमी होते. पायांवर व तोंडावर सूज येते. आणि दवाखान्यांत रक्त तपासल्यावर मूत्रपिंडांनीं काम सोडलें आहे असें निष्पन्न होतें. या अवस्थेस मूत्रपिंडांची आकस्मिक इजा म्हणतां येईल. वेळेवर उपचार झाले तर तिच्यांतून पुष्कळ लोक उठतात. कोणास कांहीं वेळां डायलिसिस करावें लागतें, कोणास तेंही लागत नाहीं. लघवी सुटते, रक्तांतील क्रिएटिनिन उतरतें, आणि रोग्यास घरीं पाठवितात. घरची मंडळी देवापुढें नारळ फोडतात आणि दवाखान्याचे कागद फळीवर टाकून देतात. प्रकरण निकालीं निघालें, अशी सर्वांची समजूत होते. परंतु अशा रोग्यांपैकीं कांहींच्या मूत्रपिंडांचा ऱ्हास पुढें वर्षानुवर्षें गुपचूप चालूं राहतो आणि त्यांस जुनाट विकार जडतो. हे कांहीं लोक कोणते, हें आधीं ओळखतां येईल काय, या प्रश्नाचा विचार आम्ही प्रस्तुत लेखांत करणार आहों.

प्रथम मूत्रपिंडांची रचना ध्यानांत घ्यावी. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस असलेल्या या दोन इंद्रियांपैकीं प्रत्येकांत सुमारें १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात, व प्रत्येक गाळणीस एक बारीक नळी जोडलेली असते. दिवसभरांत रक्तांतून सुमारें १८० लिटर पाणी गाळलें जातें. त्यांतील बहुतेक सर्व पाणी व उपयुक्त क्षार या नळ्या परत रक्तांत ओढून घेतात आणि उरलेलें दीड-दोन लिटर लघवीच्या रूपानें बाहेर पडतें. हें परत ओढण्याचें काम श्रमाचें असल्यामुळें नळ्यांच्या पेशींस प्राणवायु फार लागतो. म्हणून रक्तदाब घसरला किंवा विष भिनलें, कीं पहिला घाव नळ्यांवर बसतो. घोणशीच्या विषानें तर रक्ताची गोठण्याची शक्ति बिघडते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, आणि नळ्यांस विषाचा प्रत्यक्ष उपद्रवही होतो.

नळीच्या पेशींस पुन्हां वाढण्याचा गुण आहे. घाव हलका असेल तर वांचलेल्या पेशी वाढून पडलेली जागा भरून काढतात. घाव खोल असला, अथवा एकामागून एक बसला, तर जखमेवर वण धरावा तसा आंतून तंतुमय वण धरतो, आणि त्या नळीबरोबर तिची गाळणीही कायमची निकामी होते. जन्मानंतर मनुष्यास नवी गाळणी येत नाहीं. मग उरलेल्या गाळण्यांस गेलेल्यांचेंही काम ओढावें लागतें. जोडींतला एक बैल बसला म्हणून दुसऱ्यास एकट्यास जुंपावें, त्यांतलाच हा प्रकार होय. कांहीं दिवस काम निभतें, परंतु बैल झिजतो. अधिक दाबाखालीं राबणाऱ्या गाळणीची जाळी सैल होते, आणि अल्ब्युमिन नांवाचें जें प्रथिन एरवीं बहुतेक सर्व रक्तांतच अडून राहतें, तें लघवींत झिरपूं लागतें. या झिरपणाऱ्या प्रथिनाकडे वाचकांनीं लक्ष ठेवावें. पुढें त्याचेंच काम पडणार आहे.

आतां ज्या क्रिएटिनिनच्या आकड्यावर सर्वांची भिस्त असते, त्याची किंमत पाहूं. क्रिएटिनिन हें स्नायूंच्या झिजेंतून उत्पन्न होणारें टाकाऊ द्रव्य असून मूत्रपिंडें तें बाहेर टाकतात. प्रौढ माणसांत त्याचें प्रमाण साधारणपणें प्रति डेसिलिटर ०.६ ते १.२ मिलिग्रॅम असतें. या आकड्यांत दोन उणिवा आहेत. मूत्रपिंडांची गाळण्याची शक्ति जवळजवळ निम्म्यावर येईपर्यंत हा आकडा पुष्कळदां मर्यादेच्या आंतच राहतो. दुसरें असें, कीं महिनाभर अंथरुणास खिळलेल्या माणसाचे दंड व मांड्या वाळतात. स्नायु कमी झाले कीं क्रिएटिनिनच कमी उत्पन्न होतें, आणि आकडा आहे त्यापेक्षां चांगला दिसतो. वृद्ध व किरकोळ बांध्याच्या माणसांत हा चकवा विशेष. सिस्टॅटिन-सी नांवाचें दुसरें द्रव्य स्नायूंवर फारसें अवलंबून नसतें, म्हणून शंका असेल तेथें डॉक्टर तेंही तपासावयास सांगतात.

आमची सारी नोकरी महसुलाच्या दप्तरांत गेली. गांवचा वसूल भरला एवढ्यावरून गांवीं पीक चांगलें आलें असें कोणी जाणता कारकून समजत नसे. सावकाराकडून कर्ज काढून सारा भरणारें कुळ खातेवहींत बिनबाकी दिसे, पण त्याचें घर आंतून पोकळ झालेलें असे. उतरलेलें क्रिएटिनिन हें असेंच बिनबाकीचें खातें आहे. खरी स्थिति जाणण्यास उभ्या पिकांत शिरून आणेवारी ठरवावी लागे, हल्लीं जिला पैसेवारी म्हणतात. मूत्रपिंडांची तशी पैसेवारी कशी करावी, याचाच शोध वैद्यकशास्त्र गेलीं कित्येक वर्षें घेत आहे.

या शोधांत जीं दर्शक द्रव्यें सांपडलीं, ज्यांस बायोमार्कर म्हणतात, त्यांत दोन जाती आहेत व त्यांची गल्लत करूं नये. एक जात इजा झाल्याची वर्दी लवकर देणारी. एनगॅल नांवाचें प्रथिन त्यांपैकीं होय. हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या ७१ मुलांचा अभ्यास २००५ सालीं प्रसिद्ध झाला. ज्या मुलांच्या मूत्रपिंडांस इजा झाली, त्यांच्या लघवींत हें प्रथिन शस्त्रक्रियेनंतर दोन तासांतच वाढलेलें आढळलें, आणि क्रिएटिनिन वाढावयास मात्र एक ते तीन दिवस लागले. ही वर्दी मोलाची खरी, परंतु ती आजच्या घावाची आहे. पांच वर्षांनीं काय होणार हा प्रश्न निराळा, व त्यासाठीं दुसरी जात. नळीच्या जखमी पेशींवर किम-१ नांवाचें प्रथिन उगवतें. आजार संपून महिने लोटले तरी तें लघवींत वाढतच असलें, तर आंत जखम अजून ओली आहे असें समजावें. एमसीपी-१ हें दाह चालूं असल्याचें चिन्ह. उलट युरोमॉड्युलिन हें प्रथिन निरोगी नळ्याच तयार करतात, म्हणून तें घटणें हें वाईट लक्षण. हीं द्रव्यें आजारानंतर वर्षभरांत कसकशीं बदलतात, यावरून पुढील ऱ्हासाचा अदमास येतो असें अमेरिकेंतील अभ्यासांत दिसून आलें आहे. तथापि तीं अजून संशोधकांच्याच हातीं आहेत. रोजच्या उपचारांत त्यांस जागा मिळालेली नाहीं, आणि शेतकऱ्यानें त्यांच्यासाठीं मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळा धुंडाळाव्यात असें आम्हांस वाटत नाहीं.

कारण जो दर्शक आज उपयोगीं पडतो तो फार जुना आहे. लंडन येथील गायज् रुग्णालयांतील डॉक्टर रिचर्ड ब्राइट यांनीं १८२७ सालीं सूज आलेल्या रोग्यांची लघवी चमच्यांत घेऊन मेणबत्तीवर तापविली. अंड्याचा पांढरा बलक गोठावा तशी ती गोठली, आणि मृत्यूनंतर त्या रोग्यांचीं मूत्रपिंडें बिघडलेलीं आढळलीं. तें गोठणारें द्रव्य मुख्यतः अल्ब्युमिनच होतें. उत्तर अमेरिकेंत १,५३८ रोग्यांचा एक मोठा अभ्यास झाला. त्यांपैकीं निम्म्यांस रुग्णालयांत असतांना मूत्रपिंडांची आकस्मिक इजा झाली होती व निम्म्यांस नव्हती. २०२० सालीं त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा, कीं घरीं गेल्यावर तीन महिन्यांनीं लघवींत अल्ब्युमिन किती आहे, यावरून पुढील ऱ्हासाचें भाकीत चांगलें करतां येतें. कॅनडांतील अल्बर्टा प्रांताच्या नोंदींवरून २०१७ मध्यें जो ठोकताळा बसविण्यांत आला, त्यांत वय, स्त्री कीं पुरुष, आजारापूर्वीचें क्रिएटिनिन, लघवींतील अल्ब्युमिन, इजेची तीव्रता व घरीं जातांनाचें क्रिएटिनिन अशा सहा बाबी धरल्या आहेत. आमच्याकडे अडचण येते ती तिसऱ्या बाबीची. सर्पदंशापूर्वी ज्यानें कधीं रक्तच तपासलें नाहीं, त्याचा मूळचा आकडा कोठून आणावा? शिवाय त्या अभ्यासांतील रोगी बहुधा उतारवयाचे, आणि आमचा घोणस चावलेला गडी पुष्कळदां ऐन तिशी-चाळिशींतला. त्यामुळें तिकडील आकडे जसेच्या तसे इकडे लावूं नयेत. पण अल्ब्युमिनची तपासणी त्यामुळें निरुपयोगी ठरत नाहीं. जेथें मूळचा आकडा ठाऊक नाहीं, तेथें तिचा आधार उलट जास्तच.

मूत्रपिंडांच्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळानें २०१२ सालीं घालून दिलेला नियमही हाच आहे, कीं आकस्मिक इजेनंतर तीन महिन्यांनीं रोग्यास पुन्हां तपासावें. तीन महिने म्हणण्याचें कारण असें, कीं तितक्या अवधीनंतरही जो बिघाड राहतो त्यास जुनाट म्हणतात. इजा भारी असेल, डायलिसिस लागलें असेल किंवा मधुमेह जोडीस असेल, तर डॉक्टर त्याच्या आधींही बोलावतील व जावें. या तपासणींत रक्तांतील क्रिएटिनिन, रक्तदाब, आणि लघवींतील अल्ब्युमिन व क्रिएटिनिन यांचें परस्परांशीं प्रमाण, इतकें पाहिलें म्हणजे पुरें. तें प्रमाण ३० मिलिग्रॅमच्या आंत असल्यास चांगलें. ३० ते ३०० म्हणजे सावधगिरीची पायरी. ३०० च्या वर गेल्यास मूत्रपिंडांच्या तज्ज्ञाकडे जाण्यांत दिरंगाई करूं नये. चांगलें निघालें तरी वर्षांतून एकदां पुन्हां पाहावें, कारण क्रिएटिनिन पूर्ववत् झालेल्यांतही धोका इतरांपेक्षां अधिकच राहतो.

कोणी म्हणेल, रोग पुढें येणारच असेल तर आधीं कळून उपयोग काय? उपयोग आहे. रक्तदाब आटोक्यांत ठेवणारीं व अल्ब्युमिनची गळती कमी करणारीं औषधें आहेत. तीं वेळेवर सुरू झालीं तर ऱ्हास मंदावतो. हीं औषधें घेणाऱ्यानें जुलाब-वांत्या लागल्या तर डॉक्टरांस विचारल्याशिवाय तशींच रेटूं नयेत. अंगदुखीसाठीं डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या-इंजेक्शनें घेण्याची जी सवय ऊसतोडणीच्या व कांदे काढणीच्या दिवसांत गांवोगांव दिसते, ती अशा माणसानें साफ सोडावी. धातूंचीं भस्में कोणाच्या सांगण्यावरून खाऊं नयेत. दुपारच्या उन्हांत काम पडलें तर पाण्याची कळशी बांधावर असावी. याउलट कांहींच न कळतां मूत्रपिंडें पार निकामी झालीं, तर आठवड्यांतून दोन-तीन वेळां डायलिसिससाठीं जाणें जन्माचें मागें लागतें. सरकारी योजनांतून तें विनामूल्य होत असलें तरी जाण्यायेण्याचा खर्च, बुडणारे दिवस व सोबतच्या माणसाचा रोज घरावरच पडतो. जमीन वाट्यानें किंवा गहाण गेलेलीं अशीं घरें आमच्या पाहण्यांत आहेत.

तपासणीसाठीं सकाळची पहिली लघवी द्यावी. ताप असतांना, लघवीची जळजळ असतांना, स्त्रियांनीं पाळीच्या दिवसांत, किंवा आदल्या दिवशीं अतिश्रमाचें काम झालें असतां नमुना देऊं नये. अशा वेळीं अल्ब्युमिन उगाच वाढलेलें दिसतें. एकदां जास्त निघालें म्हणून घाबरूं नये. डॉक्टर तीच तपासणी पुन्हां करवितील. दवाखान्यांतून घरीं येतांना जो कागद मिळतो, त्यावर सर्वांत चढलेलें व शेवटचें क्रिएटिनिन लिहिलेलें आहे कीं नाहीं तें तेथेंच पाहून घ्यावें, नसल्यास मागून लिहवून घ्यावें, आणि तो कागद सात-बाराच्या उताऱ्यांबरोबर ठेवावा.