चला, त्रिनिदाद बेटावर सुट्टी घालवू या!

मुलांनो, मे महिन्याची सुट्टी लागली की आपण मामाच्या गावाला जातो. आज नकाशावरून जरा लांब जाऊ या. जगाचा नकाशा बघा. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेच्या मधे कॅरिबियन समुद्र आहे. त्यात बेटांची एक माळच आहे. माळेच्या दक्षिण टोकाचे मोठे बेट म्हणजे त्रिनिदाद. क्षेत्रफळ सुमारे ४,८०० चौ. किमी, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहून थोडे लहान. राजधानी पोर्ट ऑफ स्पेन. आपली शाळा संध्याकाळी पाचला सुटते, तेव्हा तिथे सकाळचे साडेसात वाजलेले असतात.

तिथे जाऊन काय काय करावे?

१) सकाळी ‘डबल्स’ खावे. दोन मऊ तळलेल्या पुऱ्या, त्यांना ‘बारा’ म्हणतात, आणि त्यांत रस्सेदार चणे. आता सांगा पाहू, इतक्या दूर चण्याची उसळ कशी गेली? उत्तर शेवटी मिळेल.

२) डांबराच्या तळ्यावर चालावे. ला ब्रे गावाजवळ सुमारे १०० एकरांचे हे तळे आहे. जमिनीखालचे तेल वर झिरपते, त्यातला पातळ भाग उडून जातो आणि घट्ट डांबर उरते. त्यावर माणूस चालू शकतो. पण काही जागा मऊ असतात, पाय रुततो. म्हणून वाटाड्याच्या मागूनच जावे.

३) संध्याकाळी कारोनीच्या खारफुटीत होडीतून जावे. आपल्याकडच्या शराटी पक्ष्याचा लालभडक भाऊबंद तिथे थव्याने झाडांवर उतरतो. पिल्ले लाल नसतात. खेकडे, कोळंबी खाऊन पिसांना हा रंग येतो. हा त्रिनिदादचा राष्ट्रीय पक्षी. त्याची शिकार केल्यास जबर शिक्षा आहे. होडीत गलका करू नये.

४) रात्री कासव बघावे. मार्च ते ऑगस्टमध्ये मातुराच्या किनाऱ्यावर जगातले सर्वांत मोठे समुद्रकासव अंडी घालायला येते. त्याची पाठ टणक नसते, कातड्यासारखी असते. पूर्वी लोक त्याला मांसासाठी मारत. आता गावकरीच पहारा देतात. बघायला परवाना लागतो, बॅटरीचा झोत टाकायचा नाही. आपल्या कोकणात वेळासला गावकरी असेच कासवांची अंडी राखतात.

५) क्वीन्स पार्क ओव्हल हे क्रिकेटचे मैदान बघावे. १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघाने इथेच वेस्ट इंडीजला कसोटीत पहिल्यांदा हरवले. सुनील गावसकरांची ती पहिलीच कसोटी!

६) समुद्रातले देऊळ बघावे. ते बघण्याआधी थोडा इतिहास वाचा. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ नावाचे जहाज कलकत्त्याहून निघून तीन महिन्यांहून अधिक प्रवास करून इथे पोचले. त्यात उसाच्या मळ्यांवर राबायला आणलेले भारतीय मजूर होते. १९१७ पर्यंत अशी पुष्कळ जहाजे आली. बहुतेक मजूर परत गेलेच नाहीत. चणे, रोटी, होळी, दिवाळी त्यांच्याबरोबर इथे आली.

अशाच एका मजूर कुटुंबातले शिवदास साधू. वॉटरलू गावी त्यांनी किनाऱ्यावर देऊळ बांधले. जागा साखर कंपनीची होती, म्हणून ते पाडण्यात आले. साधूंना तुरुंगवासही झाला. ते म्हणाले, जमीन दुसऱ्याची, पण समुद्र तर कोणाचा नाही! मग सायकलवरून दगडमाती वाहून ओहोटीच्या वेळी त्यांनी समुद्रात भराव घातला आणि त्यावर देऊळ उभे केले. किती वर्षे एकट्याने खपले! पुढे १९९५ च्या सुमारास सरकारच्या मदतीने तिथे नवे मजबूत देऊळ झाले. आज दूरदूरचे लोक ते बघायला येतात.

पालकांनो, मुलांनो, सुट्टी म्हणजे नुसते पोहणे आणि फोटो काढणे नव्हे. परक्या गावात आपण पाहुणे असतो. तिथल्या लोकांनी कष्टाने काय उभे केले आणि काय राखले, ते नीट बघून यावे. मामाच्या गावालाही हाच नियम लागू!

स्वाध्याय
१. नकाशात त्रिनिदाद शोधा. त्याच्या सर्वांत जवळ मुख्य भूमीवरचा कोणता देश आहे?
२. लाल शराटीला रंग कशामुळे येतो?
३. आपल्या गावात पाहुण्याला दाखवण्यासारखे काय आहे? ते कोणी बांधले, आजोबांना विचारा आणि पाच ओळी लिहा.