सुगंधी तैले आणि बीजांकुरण : बियाणे राखणाऱ्यांसाठी वैद्यकीय विचार

प्रास्ताविक

ओवा, लवंग, दालचिनी, निलगिरी, गवती चहा ही द्रव्ये आपल्या नित्य व्यवहारातील आहेत. त्यांचे दीपन, पाचन, कृमिघ्न आदी गुण सर्वांस परिचित आहेत. परंतु ज्या बाष्पनशील तैलामुळे या द्रव्यांना गंध व वीर्य लाभते, तेच तैल बीजाचे अंकुरणही रोखते, ही बाब चिकित्सकाच्या अभ्यासात सहसा येत नाही.

डहाणू-तलासरी परिसरातील वैद्यांना व औषधविक्रेत्यांना मात्र ती माहीत असणे अगत्याचे आहे. येथे भात, नागली व वरई पिकवणारी अनेक कुटुंबे पुढील वर्षाचे बी घरीच राखतात. ‘भाताला सोंडे लागू नयेत म्हणून काय घालावे?’ असा प्रश्न औषध घेण्यास आलेला शेतकरी सहज विचारतो. अशा वेळी ‘ओव्याचे तेल शिंपडा’ असे उत्तर दिले, तर कीड आटोक्यात येईलही, पण मृगात पेरलेले बी उगवणार नाही.

निसर्गातील प्रयोजन

वनस्पती सुगंधी तैल निर्माण करते ते कीटक, बुरशी व शेजारच्या वनस्पती यांपासून आत्मरक्षणासाठी. एका वनस्पतीने स्रवलेल्या द्रव्याचा दुसरीवर होणाऱ्या परिणामास हान्स मोलिश या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३७ साली ‘ॲलेलोपॅथी’ असे नाव दिले. कॅलिफोर्नियातील सुगंधी साल्व्हिया झुडुपांभोवती गवत उगवत नाही, याचे कारण त्यांची बाष्पे होत, असे १९६४ मध्ये मांडण्यात आले. पुढे १९७० मध्ये झुडुपांच्या आश्रयाने राहणारे उंदरांसारखे प्राणीही तेथील रोपे खाऊन टाकतात, असे दिसून आले. प्रयोगपात्रातील फल जसेच्या तसे शेतावर लावू नये, हा बोध यातून घ्यावा.

आपल्याकडील एक उदाहरण अधिक निकटचे आहे. गाजर गवताची भारतातील पहिली ठळक नोंद १९५५ साली पुण्यातील आहे. त्याच्या स्पर्शाने होणारे त्वग्विकार आपण पाहतोच. लिंबाच्या वासाच्या निलगिरीचे तेल या गवताचे अंकुरण व वाढ रोखते, असे चंडीगडच्या पंजाब विद्यापीठातील संशोधकांनी २००५ साली दाखविले.

क्रिया कशी घडते?

ओव्यातील थायमॉल, लवंगेतील युजेनॉल, दालचिनीतील सिनामाल्डिहाइड, गवती चहातील सिट्रल आणि निलगिरीतील सिनिओल हे यांतील प्रमुख घटक. हे घटक पाण्यात अल्प, पण स्नेहात सहज विरघळतात. बीजातील अंकुराभोवती स्नेहांश असतो आणि पेशीचे आवरणही स्निग्धच असते. बाष्प तेथे शिरले की आवरण सैल होते, आतील क्षार बाहेर झिरपतात, श्वसन मंदावते आणि मूलाग्रातील पेशीविभाजन थांबते. म्हणून आघात प्रथम मुळावर दिसतो : बी फुटते, पण मूळ आखूड राहते.

परिणाम मात्रेवर अवलंबून असतो. अल्प मात्रेत अंकुरण केवळ लांबते आणि गंध निघून गेल्यावर पुन्हा सुरू होऊ शकते. अधिक मात्रेत अंकुर मरतो. शहाजिऱ्यात व बाळंतशेपेत आढळणाऱ्या कार्व्होन या घटकाचा उपयोग युरोपात साठवणीतील बटाट्यास मोड येऊ नयेत म्हणून केला गेला, तो याच अवरोधक गुणामुळे.

धान्य वेगळे, बियाणे वेगळे

प्रस्तुत लेखाचा मुख्य मुद्दा हाच आहे. खाण्याच्या धान्यात अंकुर जिवंत राहिला नाही तरी चालते. बियाण्यात अंकुर हेच सर्वस्व असते. हवेशीर कणगीत घातलेला निर्गुडीचा वाळका पाला आणि बंद डब्यात शिंपडलेले ऊर्ध्वपातित तेल यांत फार अंतर आहे. पाल्यातून गंध थोडाथोडा सुटतो व निघूनही जातो. तेलात तोच गंध अनेक पटींनी एकवटलेला असतो आणि बंद डब्यात त्याला बाहेर वाट नसते.

बृहत्संहितेतील वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात बीजसंस्कारासाठी दूध, तूप, शेण ही द्रव्ये येतात. बीजाला स्निग्ध व पोषक संस्कार द्यावेत ही ती दृष्टी आहे. ओव्यासारख्या तीक्ष्ण, उष्ण द्रव्याचे एकवटलेले तैल तिच्याशी जुळणारे नाही.

शेतकऱ्यास सांगावे : बी चांगले वाळवावे, भाताच्या बियाण्यातील ओलावा १३ टक्क्यांहून अधिक नसावा, भांडे कोरडे व कीडमुक्त असावे. बियाण्यावर कोणतेही सुगंधी तेल टाकू नये.

तणनाशक म्हणून उपयोग

सिनिओलच्या एका प्रकाराच्या रचनेवरून ‘सिनमेथिलिन’ हे तणनाशक १९८० च्या दशकात पुढे आले. तथापि शुद्ध तेल शेतात फवारण्याचा सल्ला देऊ नये. ते लवकर उडून जाते, महाग पडते आणि तण व पीक असा भेद नीट करीत नाही. भाताच्या रोपवाटिकेत तणाचे बी मारण्यासाठी येथे राब भाजण्याची जुनी रीत आहे. तिची जागा तेलाची बाटली घेऊ शकत नाही.

औषधालयातील दक्षता

१. तुळस, अश्वगंधा, कालमेघ इत्यादींचे लागवडीचे बी ओव्याचे फूल, कापूर वा सुगंधी तेले यांच्या कपाटात ठेवू नये. बारीक बियांना बाष्पाची बाधा अधिक संभवते.

२. तेलाच्या रिकाम्या बाटल्या वा डबे धुऊनही बियाण्यासाठी देऊ नयेत.

३. बियाण्यावर तेल पडलेच असेल, तर ते सावलीत, वाऱ्यावर पातळ पसरावे आणि पेरणीपूर्वी परीक्षा करावी.

अंकुरणपरीक्षा

सरमिसळ करून १०० दाणे मोजून घ्यावेत व ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावेत. फडके सुकू देऊ नये. भातासाठी १४ व्या दिवशी सरळ मूळ व कोंब असलेले दाणे मोजावेत. प्रमाणित भातबियाण्यास किमान ८० टक्के उगवण आवश्यक मानली जाते. त्याहून बरीच कमी भरल्यास ते बी खाण्यास योग्य आहे का, हे स्वतंत्रपणे पाहावे आणि पेरणीसाठी दुसरे मिळवावे. शंका असल्यास कोसबाड येथील कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घेण्यास शेतकऱ्यास सुचवावे.

उपसंहार

द्रव्य तेच, पण मात्रा, कल्पना व आश्रय बदलला की त्याचे कर्म बदलते, हा आपल्या शास्त्राचा पाया आहे. कृमीला मारणारे द्रव्य अंकुरालाही मारू शकते. रुग्णाला औषध देताना आपण जो विवेक ठेवतो, तोच त्याच्या बियाण्याविषयी सल्ला देतानाही ठेवावा, कारण त्या कणगीवर त्याच्या घराचे पुढील वर्ष अवलंबून असते.